चाळीस पडद्यांवरचं माझं नाव

“हे कुणाचं नाव आहे?” मॅडमनं विचारलं.

नाव माझं होतं.

आणि ते एका लॅपटॉपवर नव्हतं, चाळीसच्या चाळीस लॅपटॉपवर होतं. बेंगळुरूबाहेर, होसकोटेच्या पुढे, कारखान्यांच्या पट्ट्यातली एक सरकारी शाळा. लांबोडका वर्ग, खाली सतरंज्या, सतरंज्यांवर पोरं, प्रत्येकापुढे एक जुना लॅपटॉप. कुठल्या तरी कंपनीनं वापरून टाकलेला, आमच्या संस्थेत आम्ही पुसून, दुरुस्त करून, मुलांसाठी तयार केलेला. समोर खुर्च्यांवर पाहुणे. फोटोवाला सज्ज. संस्थेच्या डायरेक्टर मॅडमनं टाळी वाजवली आणि म्हणाली, उघडा. चाळीस झाकणं उघडली. चाळीस पडद्यांवर माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. वर कन्नडमध्ये, खाली देवनागरीत. आणि त्याच्याखाली, तुझं स्वागत आहे.

हेडमास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. शाळेत सर म्हणतात आणि पोरं मागून म्हणतात, तशी सवयच असते. चाळीस पोरांनी एका सुरात माझं नाव आडनावासकट म्हटलं. एका पाहुण्याला हसू आलं. त्यानं इंग्रजीत विचारलं, ही कोण? मॅडमनं न बघताच भिंतीकडे हात केला. तिथे मी वायरींचं भेंडोळं घेऊन उभी होते.

“आमची इन्स्टॉलेशनची मुलगी,” ती इंग्रजीत म्हणाली. “यांच्यातल्या मुलींनाही आम्ही चान्स देतो.”

मग माझ्याजवळ आली आणि मराठीत बोलली. हळू आवाजात, हसऱ्या चेहऱ्यानं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, शाबासकी देतेय.

“चाळीस ठिकाणी स्वतःचं आडनाव मिरवायची हौस आहे का तुला? डोनर्स बसलेत समोर. सगळे लॅपटॉप साफ कर. आणि इथे नको. बाहेर बस.”

बाहेर म्हणजे व्हरांड्यात. पोरांच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या तिथे.

तोंडावर मी तिला अहोजाहो करायचे. इथे करणार नाही.

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. लपवायचं काही नाही. लॅपटॉपवर आम्ही जो डेस्कटॉप बसवतो तो खास मुलांचा असतो. त्यात फायली नसतात, फोल्डर नसतात. मधोमध एक छोटी आकृती, म्हणजे ते मूल, आणि त्याच्याभोवती गोल करून खेळ: चित्र, गाणं, गणित, गोष्ट. मूल जे करील ते डायरीत आपोआप लिहिलं जातं. पहिल्यांदा चालू केलं की तो डेस्कटॉप एकच प्रश्न विचारतो. तुझं नाव काय? एवढंच. नाव लिहिलं की लॅपटॉप त्या मुलाचा झाला.

चाळीस लॅपटॉप एकेक करून कुणी बसवत नाही. एक नीट तयार करायचा, त्याचा साचा काढायचा, तो पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि बाकीच्यांत ओतायचा. साचा काढायच्या आधी त्यातलं नाव पुसायचं असतं. माझ्या आडनावात जोडाक्षर आहे. जुन्या लॅपटॉपांवर जोडाक्षरं तुटतात, म्हणून दोन्ही लिप्या तपासायला मी दरवेळी माझंच नाव टाइप करून बघते. दरवेळी पुसते. त्या दिवशी जोडाक्षर असं सुरेख उमटलं की मी बघत राहिले, आणि तसाच साचा काढला.

ते चाळीस मुलांचं नाव लिहायचं ठिकाण होतं. तिथे माझं नाव असायलाच नको होतं. ते पुसायला मला कमीपणा वाटला नसता. मॅडम नुसतं म्हणाली असती, अगं, नाव पुसायचं राहिलं, तर मी जीभ चावली असती आणि धावत गेले असते.

पण तिला चूक दिसलीच नाही. तिला आडनाव दिसलं.

मी चपलांशेजारी मांडी घालून बसले. पाच-पाच लॅपटॉप ओळीनं मांडले. आत भाषणं चालू झाली. मी आज्ञा लिहायची, लॅपटॉप बंद व्हायचा, पुन्हा चालू व्हायचा, आणि रिकामा प्रश्न यायचा. तुझं नाव काय? की पुढचा. आपल्याच हातानं आपलं नाव पुसायचं. एकदा नाही, चाळीस वेळा. आतून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच संताप आला.

कारण असं चपलांशेजारी मी आधीही बसले होते.

आमचं गाव निपाणीच्या बाजूचं. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. घरात मराठी, बाजारात कन्नड. शाळेत एक कॉम्प्युटरची खोली होती. चार कॉम्प्युटर, त्यांच्यावर फुलाफुलांची कापडं. बाकीची पोरं आत जायच्या आधी ती खोली झाडायचं काम आमच्या केरीतल्या, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या, मुलींकडे. दोन वर्षं मी ती खोली झाडली. गुरुजी दारात उभे राहून सांगायचे, “तू झाड. हात लावू नकोस.” रोज तेवढंच. नाव कधी घ्यायचे नाहीत. माझं नाव हजेरीपटात होतं, त्यांच्या तोंडात नव्हतं.

एक दिवस गुरुजी दाराशी नव्हते. मी कापड उचललं आणि एक बटण दाबलं. कॉम्प्युटर बंदच होता, काहीच झालं नाही. पण गुरुजी तेवढ्यात आले. मारलं नाही. ओरडले नाहीत. त्यांनी ओला फडका आणायला लावला, माझ्यासमोर त्या एका बटणावरून फिरवला, आणि मग कापड नीट झाकलं.

मारलं असतं तर विसरले असते.

पुढे डिप्लोमा केला, कसाबसा. बेंगळुरूला आलो, आई आणि मी. चिकपेटच्या मागच्या गल्लीत जुने लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या दुकानात मला काम मिळालं. तिथेच पहिल्यांदा हा मुलांचा डेस्कटॉप बघितला. ओपन सोर्स. म्हणजे कुणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा, वाटावा. मला वाटलं थट्टा आहे. हात लावू नकोस ऐकत वाढलेल्या माणसाला कुणी म्हणावं, लाव हात, आतपर्यंत घाल! कन्नड अक्षरांत एक चूक होती, ती मी दुरुस्त करून पाठवली. कुठल्या देशातला माणूस होता कोण जाणे, त्यानं उत्तर दिलं: छान, घेतली. आणि करणाऱ्यांच्या पानावर माझं नाव घातलं. त्या डेस्कटॉपमध्ये असं एक पान असतं. ज्यांनी ज्यांनी तो लिहिला त्या सगळ्यांची नावं तिथे असतात. परवान्यातच लिहिलंय, कोड हवा तसा बदला, पण लिहिणाऱ्यांची नावं पुसू नका.

मी ते पान आईला दाखवलं. आईला वाचता येत नाही. पण रेशन कार्डावर बघून बघून माझ्या नावाचा आकार तिला पाठ आहे. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. “ह्ये तूच न्हवं?” म्हणाली. मी म्हटलं, हो. मग बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसली.

मग जे. पी. नगरच्या या संस्थेत नोकरी लागली. मुलाखतीत मॅडमनं माझं बोलणं ऐकलं आणि तोंड भरून हसली. “अय्या, मराठी! इथे मराठी बोलायला माणूस मिळत नाही गं. मी पुण्याची.” मग कागद खाली घेतला, आडनाव वाचलं. एक क्षण गेला. तो क्षण मला पाठ आहे. आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ असतो. “अच्छा, अच्छा,” ती म्हणाली. त्यानंतर ‘आपण मराठी माणसं’ असं ती माझ्यासमोर कधी म्हणाली नाही.

तिथे मी लॅपटॉप बसवायचे आणि उरलेल्या वेळात एक खेळ लिहायचे. त्याचं नाव ‘घरी काय म्हणता?’ पडद्यावर वस्तूचं चित्र येतं. मुलानं आपल्या घरचा शब्द बोलायचा. लॅपटॉप तो जपून ठेवतो. पुढचं मूल तो ऐकतं, स्वतःचा सांगतं. होसकोटेच्या बाजूला कामगारांच्या शेडांत दहा ठिकाणची पोरं असतात. शाळेत तोंड उघडायला घाबरतात, कारण घरचा शब्द चुकीचा ठरतो. या खेळात घरचा कुठलाच शब्द चूक नाही. आधी नमुना म्हणून काही आवाज घालावे लागतात. मराठीसाठी मी आईचा आवाज घातला.

आईनं आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून आवाज दिला. आवाजाला लुगडं कशाला, असं मी चिडवलं तर म्हणाली, “गप. पोरं आयकणार हाईत.” भाकरी, केरसुनी, इळी, पानी. पंचवीस शब्द. प्रत्येक शब्दाआधी घसा खाकरत होती, ते सगळं मला कापावं लागलं.

मॅडमनं खेळ बघितला. आवडला. कानाला इअरफोन लावून आईचा आवाज ऐकला आणि कपाळाला आठी घातली. “पाणी म्हण ना. पानी काय? कोण आहे ही बाई? खूपच गावंढळ वाटतं गं. हे काढ. मी देते माझ्या आवाजात.”

मी काढला.

दोन मिनिटं लागली. ती बाई माझी आई आहे हे सांगितलंसुद्धा नाही आधी. नंतर चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं म्हणून सांगितलं, तेव्हा मॅडम “ओह, सॉरी हं” म्हणाली आणि साखर ढवळत राहिली. ज्या खेळात घरचा कुठलाच शब्द चूक नाही, त्या खेळातून मी माझ्याच घरचा आवाज चूक म्हणून काढला. आणि घरी आले. आईनं विचारलं, “आयकलं का पोरांनी?” मी म्हटलं, हो. आवडला पोरांना.

त्यानंतर ती रोज विचारायची. “आज कुठल्या शाळंत वाजला माझा आवाज?” मी शाळांची नावं सांगायचे. अपार्टमेंटचे जिने झाडताना ती बाकीच्या बायकांना सांगायची, माझा आवाज पोरांच्या कॉम्प्युटरात हाय. वर्षभर मी तिला खोटं खाऊ घातलं.

तर मी व्हरांड्यात बसले होते. एकोणतीस झाले होते, अकरा उरले होते. भाषणं संपली, पाहुणे हेडमास्तरांच्या खोलीत जेवायला गेले. मॅडम बाहेर आली. साफ झालेला एक लॅपटॉप उचलला, इकडे तिकडे बघितलं, आणि ते पान उघडलं. करणाऱ्यांचं.

“इथेही आहेस का तू?”

“ते करणाऱ्यांचं पान आहे, मॅडम.”

“काढ. ‘घरी काय म्हणता’समोर माझं नाव टाक. डायरेक्टर म्हणून. ॲक्च्युअली डोनरला एक फेस लागतो, कळतंय ना? जेवणानंतर मी हे पान त्यांना दाखवणारे.”

“तो खेळ मी लिहिलाय.”

“तू बसवतेस. लॅपटॉप आमचे, जागा आमची, पगार आमचा. इतकं काय त्यात?”

खरं सांगते, त्या क्षणी माझी बोटं कीबोर्डवर गेली होती. सवय. सांगितलं की काढायचं. पंधरा वर्षांपूर्वी ओला फडका आणून देणारे हात ते. नोकरी डोळ्यांपुढे होती, आईचे गुडघे डोळ्यांपुढे होते. मी काढलं असतं. मला कुणी शूर वगैरे समजू नये.

पण मॅडमला धीर नव्हता. ती म्हणाली,

“तुझ्या आईचा आवाज काढ म्हटलं तेव्हा तर गुपचूप काढलास. आता काय झालं?”

तिला ठाऊक होतं. मी काय केलं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं, माझ्याहून जास्त. आईचा आवाज काढून मी तिला सांगून ठेवलं होतं की हिला काहीही काढायला सांगा, ही काढते.

मी बोटं उचलली.

“तो काढला हेच चुकलं,” मी म्हटलं. “हे काढणार नाही.”

“एक्सक्यूज मी?”

“पोरांच्या जागेवरचं माझं नाव काढते. ती माझी चूक आहे. हे नाव चूक नाही. हे काढणार नाही.”

ती हसली नाही या वेळी. “मग उद्यापासून येऊ नकोस,” म्हणाली. “आणि जाताना गाडीत बसू नकोस.” लॅपटॉप चपलांवरच ठेवला आणि आत गेली.

अकरा उरले होते ते मी पूर्ण केले. ती जागा पोरांची होती, मॅडमचं भांडण माझ्याशी होतं. चाळीस लॅपटॉप आत नेऊन परत मांडले. पोरं ओणवी झाली. नावं लिहायला लागली. खिडकीजवळच्या एका मुलीनं एका बोटानं, बटण शोधत शोधत, आपलं नाव लिहिलं, मग बापाचं, मग आडनाव. वर्गाच्या बाई म्हणाल्या, नुसतं नाव पुरे. तिनं मान हलवली आणि पुरतं लिहून काढलं. मला तिचा हेवा वाटला.

बाहेर गाडीपाशी ड्रायव्हर अण्णा उभे होते. बेळगावकडचे, सकाळी येताना माझ्याशी मराठीत गप्पा मारत आलेले. आता जमिनीकडे बघत म्हणाले, “अक्का, मॅडमनी सांगितलंय, तुम्हाला नेऊ नको म्हणून.”

“सरी अण्णा,” मी कन्नडमध्येच बरं म्हटलं आणि बसस्टॉपकडे चालायला लागले. विजय वगैरे काही वाटला नाही. भीती वाटत होती. जुन्या नोकरीचं अनुभवाचं पत्र मिळणार नाही, नवी कोण देणार, जिन्यांवरून आईला अजून किती वर्षं वाकायला लावणार, हेच डोक्यात.

घरी आले तेव्हा दिवस होता. आई मेथी निवडत होती. मला लवकर आलेली बघून म्हणाली, “आज कुठं वाजला?”

मी खाली बसले. “आई, तुझा आवाज त्यात नाही. वर्ष झालं.”

“म्हंजे?”

“काढला.”

“कुणी?”

“मॅडमनी सांगितलं होतं...”

“सांगितलं कुणी ते न्हाई इचारलं. काढला कुणी?”

“मी.”

तिची बोटं थांबली नाहीत. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. “बरा न्हवता?”

“चांगला होता.”

“मग?”

नोकरीसाठी म्हणावं तर नोकरी तेव्हा कुणी काढून घेत नव्हतं. नुसती आठी घातली होती तिनं कपाळाला. एका आठीला घाबरून मी माझी आई पुसली.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, बोलायची नाही. अपार्टमेंटमधल्या बायकांना आता ती काय सांगणार होती? ज्यांच्यापुढे वर्षभर मान ताठ करून चालली, त्यांच्यापुढे आता खाली मान घालून झाडायचं. ते मी केलं. मॅडमनं नाही.

तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उघडला. कॉम्प्युटरच्या या जगात एक बरं आहे, आधीचं सगळं जपलेलं असतं. कोडमधून काढलेली गोष्ट मागच्या नोंदींत तशीच राहते, कुणी काढली, कधी काढली यासकट. तिथे लिहिलेलं होतं: मराठी नमुना आवाज काढला. पुढे माझं नाव. माझ्या नावाचा मला एवढा अभिमान, आणि ते तिथेही होतं.

मी आईला म्हटलं, “तुझा आवाज आहे अजून. परत घालू?”

“पुन्यांदा काढशील.”

“नाही.”

“मागल्या बारीला बी तुला न्हाई म्हणता आलं असतं.”

खरं होतं. ती हो म्हणाली नाही. पण उठून गेलीही नाही. मी आवाज लावला. केरसुनी. पानी. इळी. खोलीत तिचा वर्षापूर्वीचा आवाज वाजला आणि तिनं पदर तोंडावर घेतला. मला माफ केलं असं ती बोललेली नाही. आजवर नाही.

पंचवीसच्या पंचवीस शब्द मी परत घातले. करणाऱ्यांच्या पानावर माझ्या नावाखाली आईचं नाव लिहिलं, आडनावासकट, आणि सगळं ओपन सोर्सच्या त्या जगभर उघड्या कोठारात पाठवून दिलं. कुणीही घ्यावं. मॅडमनंही.

हातात काम नाही. सकाळी उठते तेव्हा भीती आधी उठलेली असते. मॅडम माझ्या जागी दुसरं कुणी बसवेल, त्या चाळीस लॅपटॉपवरून माझं नाव काढून घेईल. एव्हाना घेतलंही असेल. मी तिला अडवू शकत नाही, हे मला कळतं. पण आता ते काढायचं बटण दुसऱ्या कुणाला दाबावं लागेल. पुसायचा फडका मी आणून देणार नाही. आमच्या घरातलं, आमच्या केरीतलं एकही नाव, एकही आवाज यापुढे माझ्या बोटानं पुसला जाणार नाही. उपाशी राहिले तरी नाही.